पोलीस शिपायाची गाऱ्हाणी आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा प्रथम मी संकोचलो. मी जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला आणि जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांतून छत्तीस वर्षे खडू झिजवून निवृत्त झालेला एक साधा मास्तर. विद्वत्तापूर्ण व्याख्यानाची अपेक्षा आपण मजकडून करू नये. परंतु कार्यक्रमपत्रिका हाती आली आणि तीत 'पोलीस दलात निवड झालेल्या ज्ञातीतील तरुणतरुणींचा सत्कार' हे कलम वाचले, तेव्हा कशावर बोलावे हा प्रश्न आपोआप सुटला.

या मुलांनी मिळविलेले यश लहान नाही. २०२४ साली राज्यात पोलीस भरती झाली, तेव्हा सुमारे साडेसतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. म्हणजे शंभर जणांतून एकाची निवड. पहाटे चारला उठून माळावर धावणारी, गोळाफेकीचा सराव करणारी, रात्री दिव्याखाली गणिते सोडविणारी मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांच्या गळ्यात आज हार पडतील, त्यांच्या आईबापांचे डोळे भरून येतील. आणि ते योग्यच आहे. तथापि हार घालून झाल्यावर आपण घरी जाऊ, आणि ही मुले कामावर जातील. ती कोणत्या कामावर जातील, तेथे त्यांना किती तास उभे राहावे लागेल, आजारी आईच्या उशाशी बसण्याइतकी सवड त्यांना मिळेल की नाही, याचा विचार सत्कार करणाऱ्यांनी करावयाचा नाही तर कोणी करावयाचा? म्हणून आजचा विषय मी घेतला आहे : पोलीस शिपायाची गाऱ्हाणी.

या विषयाकडे माझे लक्ष कसे वेधले गेले, ते प्रथम सांगतो. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती कबूल केल्यावाचून मला पुढे बोलता यावयाचे नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता लग्नाला परगावी गेलो असताना आमच्या घरी चोरी झाली. भांडीकुंडी, थोडे रोख पैसे आणि सुनेचे दोन दागिने गेले. फिर्याद दिल्यावर त्या दिवशी कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक फौजदार आणि एक शिपाई पंचनाम्यास आले. शिपाई लिहीत होता. लिहिता लिहिता त्याची मान खाली झुकली, लेखणी कागदावरून घसरली आणि एक लांबच लांब रेघ ओढली गेली. माझा संताप अनावर झाला. छत्तीस वर्षे वर्गात झोपणाऱ्या मुलांवर ओरडण्याची सवय असलेला मी त्या शिपायावर ओरडलो. "आमच्या घरी चोरी झाली आहे आणि आपण झोपा काढता? सरकार पगार कशाबद्दल देते आपल्याला?" असे काहीबाही बोललो. फौजदार गप्प राहिले. शिपायाने तोंडावर पाणी मारले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "गुरुजी, मला ओळखलं नाही का? चौथीला तुमच्या हाताखाली होतो."

मी त्याला ओळखले नव्हते. तिसऱ्या बाकावर बसणारा, पाढे खडखडीत म्हणणारा मुलगा तो. पंचनामा संपल्यावर मी त्याला चहाला थांबविले, तेव्हा हळूहळू कळले. आदल्या दिवशी सकाळी सहाला तो घरातून निघाला होता. तालुक्यात मिरवणूक होती, तिचा बंदोबस्त रात्री दोनपर्यंत चालला. पहाटे एका आरोपीला घेऊन जिल्ह्याच्या न्यायालयात जावे लागले. तेथून परत आल्यावर फौजदारांनी त्याला आमच्या घरी आणले. छत्तीस तास झाले होते. मला आठवले, मी छत्तीस वर्षांच्या नोकरीबद्दल सत्कार घेतला होता; आणि या माझ्या विद्यार्थ्याने सलग छत्तीस तास काम केल्याबद्दल मी त्याला शिव्या दिल्या होत्या. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचीत आलो आहे.

बंधुभगिनींनो, पोलीस शिपायाचे कामाचे तास किती, हा प्रश्न कायद्याला विचारला तर कायदा काय उत्तर देतो ते पाहा. १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमात, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम या नावाने ओळखला जातो, त्याच्या २८ व्या कलमात असे म्हटले आहे की, पोलीस हा सदैव कामावर आहे असे मानले जाईल. याच अर्थाचे कलम इंग्रजांनी केलेल्या १८६१ च्या पोलीस कायद्यातही होते. या कलमाचा हेतू माझ्या अल्पमतीप्रमाणे वाईट नाही. पोलीस बाजारात भाजी घेत असला आणि त्याच्या डोळ्यांदेखत कोणी चोरी करू लागला, तर 'मी आता सुटीवर आहे' असे त्याने म्हणू नये, इतकाच त्याचा सरळ अर्थ. परंतु कर्तव्याची जाणीव चोवीस तास जागी असणे ही गोष्ट निराळी, आणि देह चोवीस तास उभा असणे ही गोष्ट निराळी. पहिलीची सक्ती करणाऱ्या कलमाच्या आधाराने दुसरीची सक्ती होऊ लागली, आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ ती होत आली, हे या प्रश्नाचे मूळ आहे.

आपल्याच मुंबईत रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने मजुराचे आठवड्याचे ४८ तास ठरविले आणि त्यावरील कामास दुप्पट दराने मोबदला ठरविला. गिरणीच्या दारावर बंदोबस्तास उभा राहणारा शिपाई मात्र आतल्या मजुराची पाळी बदललेली पाहत राहिला. त्याची पाळी बदलण्याची वेळ कोणत्याही भोंग्याने सांगितली नाही.

पगाराची कथाही अशीच जुनी आहे. १९०२-०३ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला गेला होता. शिपायाला दरमहा किमान आठ रुपये तरी द्यावेत, म्हणजे त्याला बरेपणाने जगता येईल, अशी त्या आयोगाची शिफारस होती. त्याच आयोगाची समजूत अशी की शिपायाचे काम यांत्रिक स्वरूपाचे, सांगितले तेवढे करण्याचे आहे. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, १९७७ साली, धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमण्यात आला. १९७९ च्या आरंभी आलेल्या त्याच्या पहिल्याच अहवालात मुख्यत्वेकरून शिपायाचाच विचार आहे. शिपाई दिवसाला दहा ते सोळा तास काम करतो असे आयोगाला आढळले. शिपायाला आता रस्त्यावर उभे राहून स्वतःच्या बुद्धीने निर्णय घ्यावे लागतात, तेव्हा वेतन ठरविताना त्याला अकुशल मजुराच्या रांगेत न बसविता कुशल कामगार समजावे, असे आयोगाने सांगितले.

आज काय स्थिती आहे? सातव्या वेतन आयोगानुसार महाराष्ट्रात शिपायाचे आरंभीचे मूळ वेतन २१,७०० रुपये ठरले, आणि शिक्षणसेवकाची वर्षे संपविलेल्या प्राथमिक शिक्षकाचे २९,२००. मी शिक्षक आहे, शिक्षकाला कमी द्या असे मी कसा म्हणेन? शिक्षकाला पदविका लागते, हेही मला मान्य आहे. परंतु माझी शाळा घंटा झाली की सुटत असे, दिवाळीत आणि मे महिन्यात बंद राहत असे, आणि माझ्यावर कोणी दगड फेकीत नसे. ज्याची घंटा होत नाही आणि ज्याला दिवाळीलाच अधिक काम असते त्याचे वेतन माझ्याहून कमी का, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

आता मी मास्तर आहे, तेव्हा आपल्याला थोडे गणित घालतो. ते चौथीच्या मुलालाही सुटेल इतके सोपे आहे. एका चौकीवर रात्रंदिवस, वर्षभर, एक शिपाई हजर हवा आहे. वर्षाचे तास चोवीस गुणिले तीनशे पासष्ट, म्हणजे ८,७६० झाले. एका माणसाने रोज आठ तास काम केले, त्याला वर्षाच्या बावन्न साप्ताहिक सुट्या मिळाल्या आणि इतर रजा व सण धरून आणखी पन्नास दिवस मिळाले, तर तो वर्षात २६३ दिवस, म्हणजे २,१०४ तास काम करील. ८,७६० ला २,१०४ ने भागा. उत्तर चाराहून थोडे अधिक येते. एका जागेला चार माणसे हवीत. आता हीच आकडेमोड दुसऱ्या रीतीने करा. माणसाला रोज बारा तास उभा करा, साप्ताहिक सुटी देऊच नका, आणि वर्षात एकंदर तीसच दिवस रजा द्या. तो ४,०२० तास काम करील आणि दोघांहून थोडी अधिक माणसे पुरतील. म्हणजे चौघांचे काम दोघांवर भागते. दोन माणसांचा पगार वाचतो. ही काटकसर कोठून झाली? ती दोन शिपायांच्या झोपेतून, त्यांच्या मुलांच्या अभ्यासातून आणि त्यांच्या आईबापांच्या आजारपणातून झाली. तिजोरीच्या जमाखर्चात ही रक्कम कोठेही नावे पडलेली दिसत नाही, म्हणून ती कोणी दिलीच नाही असा आपला समज होतो.

हे माझ्या पदरचे गणित झाले. परंतु सरकारी अभ्यासही याहून निराळे सांगत नाही. पोलीस संशोधन व विकास विभागाने हैदराबादच्या प्रशासकीय महाविद्यालयाच्या सहकार्याने देशभरातील ठाण्यांची पाहणी केली आणि २०१४ साली अहवाल दिला. ठाण्यांतील सुमारे नव्वद टक्के कर्मचारी आठ तासांहून अधिक काम करतात, आणि जवळजवळ तीन चतुर्थांश कर्मचाऱ्यांना महिन्यातून एकही साप्ताहिक सुटी धडपणे घेता येत नाही, असे त्यात आढळून आले. २०१९ साली 'कॉमन कॉज' आणि 'लोकनीती' या संस्थांनी केलेल्या अभ्यासात तर पोलिसांच्या कामाची सरासरी दिवसाला चौदा तास निघाली. आणि मंजूर जागा तरी भरलेल्या असतात काय? २०२० च्या आरंभी देशात लाख लोकसंख्येमागे सुमारे १९५ पोलीस मंजूर होते. प्रत्यक्षात सुमारे १५५ होते. मंजूर आकडाच मुळी अपुरा, आणि त्यातही पाचवा हिस्सा रिकामा. ही रिकामी खुर्ची काम थांबवीत नाही. ती आपले काम शेजारच्या खुर्चीवर ढकलते.

काम मात्र वर्षागणिक वाढतच आहे. पूर्वी शिपायाचे काम म्हणजे गस्त, समन्स बजावणे, आरोपीला न्यायालयात नेणे, जत्रेचा बंदोबस्त आणि वेळप्रसंगी लाठी. ती कामे कमी झाली नाहीत. त्यांवर पारपत्राच्या अर्जांची पडताळणी आली, संगणकावर नोंदी भरणे आले, मंत्र्यांच्या दौऱ्यांचा बंदोबस्त वाढला. गणपती, नवरात्र, दहीहंडी, जयंत्या, मोर्चे आणि निवडणुका यांची रांग वर्षभर तुटत नाही. २०२१ पासून राज्यात ११२ क्रमांकाची सेवा सुरू झाली, आणि फोन खणखणल्यावर गाडी घेऊन धावणे आले. घरबसल्या बँकेतील पैसे लांबविणारे चोर निर्माण झाले. त्यांचा माग काढण्यास लाठीचा उपयोग नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे अमलात आले. झडतीचे व जप्तीचे चित्रीकरण करावे, मोठ्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांना घटनास्थळी न्यावे, अशा तरतुदी त्यांत आहेत. या तरतुदी चांगल्याच आहेत. निरपराध माणसाला त्यांचा आधार आहे. परंतु प्रत्येक चांगल्या तरतुदीला माणसाचे तास लागतात. नवे काम आले त्या प्रमाणात नवे हात आले नाहीत, तर चांगला कायदाही थकलेल्या हातात बोथट होतो.

सभेत स्त्रियाही बसल्या आहेत, म्हणून एक गोष्ट विशेषत्वाने सांगतो. भरतीत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखून ठेवल्या, हे उत्तम झाले. परंतु दिवसभर रस्त्यावरील बंदोबस्तात उभ्या असलेल्या मुलीला प्रातर्विधीची सोय आहे काय, तान्ह्या मुलाची आई रात्रीच्या गस्तीवर असता ते मूल कोणाजवळ आहे, हे प्रश्न भरतीच्या जाहिरातीत नसतात. २०२१-२२ मध्ये राज्यात स्त्री पोलिसांचे काम बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचे आदेश निघाले, हे पाऊल स्वागतार्ह होते. त्यातच एक कबुलीही आली की, त्यापूर्वी बारा तास हीच रीत होती.

आपण विचाराल, इतके सारे सोसून हे लोक बोलत का नाहीत? याचे उत्तर असे की, त्यांना बोलण्याची मोकळीक नाही. सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार घटनेच्या ३३ व्या अनुच्छेदाने संसदेला दिला आहे, आणि त्यानुसार १९६६ साली कायदा झाला. परवानगीवाचून पोलिसाला कामगार संघटनेत जाता येत नाही आणि वृत्तपत्राकडेही जाता येत नाही. शस्त्र हाती असलेल्या माणसाने शिस्त पाळली पाहिजे, हे तत्त्व मला मान्य आहे. परंतु तोंड बंद केले म्हणून दुःख बंद होत नाही, याला इतिहास साक्षी आहे. १९७९ साली पंजाबात पोलिसांचा असंतोष उफाळला आणि अनेक राज्यांत पसरला. आपल्या महाराष्ट्रात पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईच्या पोलिसांनी काळ्या फिती लावल्या, आणि १८ ऑगस्ट रोजी संघटनेच्या पुढाऱ्यांना अटक होताच शिपायांनी काम सोडले. शहरात दंगल उसळली, दुकाने लुटली गेली, आणि लष्कराला पाचारण करावे लागले. संघटनेची मान्यता गेली आणि अनेकांच्या नोकऱ्या गेल्या.

त्याच वर्षी मुंबईचे गिरणी कामगार संपावर होते. गिरणीच्या दारात उभा असलेला शिपाई आणि समोर घोषणा देणारा कामगार हे पुष्कळदा एकाच तालुक्याचे, एकाच आळीतले, एकाच चाळीत राहणारे होते. कोकणातून आणि घाटावरून पोट घेऊन आलेली ही एकाच मातीची लेकरे. त्या दिवशी जे घडले त्याचे समर्थन मी करीत नाही. रक्षकाने नगर उघडे टाकावे, हे केव्हाही उचित नव्हे. परंतु त्यातून आपण काय शिकलो? संघटना गेली, मात्र तिच्या जागी गाऱ्हाणे निर्भयपणे मांडण्याचे दुसरे भक्कम दार उघडले गेले नाही. केरळात पोलिसांच्या संघटना आजही आहेत, आणि त्यामुळे ते राज्य काही रसातळाला गेलेले नाही.

सगळेच अशक्य आहे असेही नाही. २०१६ च्या मे महिन्यात मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. त्या योजनेचा आराखडा कोणा मोठ्या तज्ज्ञाने नव्हे, तर त्याच ठाण्यातील एका शिपायाने तयार केला होता. आणि पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी त्याचे म्हणणे ऐकून घेतले. २०१७ च्या आरंभी तीच पद्धत शहरातील इतर ठाण्यांत नेण्यात आली. शिपाई घरी वेळेवर पोहोचतो, हे दृश्य मुंबईने काही काळ पाहिले. पुढे २०२० साली टाळेबंदी आली. आपण घरात बसलो असता हेच लोक रस्त्यावर उभे होते, आणि त्या साथीत राज्यातील शेकडो पोलीस मृत्यू पावले. पाळ्यांची ती घडीही विसकटली. जी गोष्ट नियमात लिहिलेली नसते, जिला पुरेशा माणसांचा पाया नसतो, ती एका चांगल्या अधिकाऱ्याच्या सद्भावनेवर उभी राहते, आणि अधिकारी बदलला किंवा संकट आले की कोसळते. देवनारचा धडा हा आहे.

आता आपल्यापैकी काहींच्या मनात जो आक्षेप घोळत असेल, तो मी स्वतःच मांडतो. "मास्तर, पोलिसांची एवढी कैवारी कशाला घेता? पोलीस पैसे खातात, गरिबाला दरडावतात, फिर्याद घेत नाहीत, कोठडीत माणसे मारतात." हे सारे घडते, आणि जेथे घडते तेथे कठोर शिक्षा झाली पाहिजे. थकवा ही लाच घेण्याची सबब नव्हे, आणि अपुरा पगार हा निरपराधाला मारण्याचा परवाना नव्हे. तथापि आपण एवढे ध्यानी घ्यावे की, सोळा तास उभा राहिलेला माणूस सतराव्या तासाला सौम्य बोलत नाही. ज्याला तपासाला वेळ नाही, तो खुणा शोधण्याऐवजी हाताला लागेल त्याला दरडावून मोकळा होऊ पाहतो. तपास आणि बंदोबस्त ही कामे वेगळी करावीत, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह यांच्या खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला, तो याच कारणासाठी. माझ्या घरच्या पंचनाम्यावर जी लांब रेघ ओढली गेली, ती रेघ एखाद्या खुनाच्या पंचनाम्यावर ओढली गेली तर खरा गुन्हेगार सुटेल, किंवा गरीब निरपराधी अडकेल. तेव्हा शिपायाची झोप हा केवळ शिपायाचा प्रश्न नाही. तो फिर्यादीचा आणि आरोपीचा, म्हणजे तुमचा आमचा प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. एवढी माणसे नेमण्यास पैसा कोठून आणावयाचा? मी अर्थशास्त्री नव्हे. परंतु वर दाखविल्याप्रमाणे हा पैसा आज कोणी तरी भरीतच आहे. तो सर्वांनी मिळून करातून भरावा की दोन लाख कुटुंबांनी आपल्या आरोग्यातून भरावा, एवढाच प्रश्न आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी हाती केवळ लाठी असताना अतिरेक्याची बंदूक धरून ठेवली आणि प्राण दिला. त्यांचे पुतळे आपण उभारतो, त्यांना वंदन करतो. मेलेल्या शिपायाला वंदन करणाऱ्या समाजाने जिवंत शिपायाला आठवड्यातून एक दिवस घरी जाऊ द्यावे, ही मागणी फार मोठी आहे काय?

आता आपले कर्तव्य. ज्याला बोलण्यास मनाई आहे, त्याच्या वतीने बोलणे हे मोकळ्या नागरिकाचे काम आहे. माझी मंडळाला नम्र सूचना अशी की, आपल्या भागाच्या आमदारांना आपण एक निवेदन द्यावे आणि त्यात तीनच गोष्टी मागाव्यात. आठ तासांची पाळी आणि साप्ताहिक सुटी नियमात लिहिली जावी. निवृत्तीने रिकाम्या होणाऱ्या जागा दर वर्षी, ठरलेल्या महिन्यात भरल्या जाव्यात. आणि शिपायाला आपले गाऱ्हाणे सूडाच्या भीतीवाचून मांडता येईल असे मान्यताप्राप्त दार असावे. अधिक काही मागू नये. फार मागण्या एकत्र केल्या की एकीकडेही लक्ष जात नाही.

सरकारकडे मागावयाचे ते मागावे; पण काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. आपल्या ज्ञातीची मिरवणूक दर वर्षी निघते. ती दहाला संपावयाची असता साडेबाराला संपते. मुले 'अजून एक गाणे' म्हणतात, आपण वडील माणसे हसून सोडून देतो, आणि दहा शिपाई रस्त्याच्या कडेला उभे असतात. त्यांतला एक जण पहाटे आरोपीला घेऊन जिल्ह्याला जाणार असतो. यंदापासून आपली मिरवणूक ठरल्या वेळी संपेल, आणि मार्गावरील गर्दी आपलेच स्वयंसेवक आवरतील, एवढा ठराव आज आपण केला, तरी माझ्या बोलण्याचे सार्थक झाले असे मी समजेन. याला सरकारी मंजुरी लागत नाही आणि पैसाही लागत नाही.

सत्कार होणाऱ्या मुलामुलींना दोन शब्द सांगून संपवितो. मुलांनो, गणवेश अंगावर चढला की गरीब माणूस तुम्हांला 'साहेब' म्हणू लागेल. ज्या घरातून तुम्ही आलात ते घर तेव्हा विसरू नका. तुमच्यावर अन्याय झाला तर तो खालच्यावर उतरवू नका. आणि थकाल तेव्हा लाज न बाळगता आम्हांला सांगा. तुम्हांला बोलता येत नसेल तेथे बोलण्यासाठी हे मंडळ आहे, असे आज आम्हांला तुम्हांस वचन देता आले पाहिजे.

ज्याच्यावर मी त्या दिवशी ओरडलो, त्या माझ्या विद्यार्थ्यालाही मी आजच्या संमेलनाचे निमंत्रण धाडले होते. व्यासपीठावर बोलावून, चारचौघांत त्याची क्षमा मागावी असे मनात होते. काल रात्री त्याचा फोन आला. "गुरुजी, यायची फार इच्छा होती, पण उद्या बंदोबस्त लागला आहे." म्हणून ती क्षमा आपणां सर्वांच्या साक्षीने मी येथेच मागतो.